दौलतराव, जरा दमानं बरे व्हा!

सरकारी नोकरीत पगार पंधरा तारखेला संपतो, किस्से मात्र साठत जातात. निवृत्त झाल्यावर मित्र टपरीवर चहा पाजतात, तो या किश्श्यांच्याच लोभानं. सन सत्तरच्या थोडं आधीचे हे काही.

आमच्या ऑफिसला एकदा लोकांचं अफूचं व्यसन सोडवायला अनुदान आलं. आलं ते ऐन मार्चअखेर. खर्च झालं नाही तर परत! साहेब गरजले, "आधी खर्च, मग रोगी!"

शहराबाहेर वाडी गावी, ट्रकवाल्यांच्या वस्तीत एक गोदाम भाड्यानं घेतलं. खाटा आल्या, गाद्या आल्या, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोणाला तरी आठवलं, डॉक्टर राहिला!

*

त्या काळी परवानेवाल्यांसाठी अफूची सरकारी दुकानं असत. त्यांचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरलाच आम्ही आमच्या व्यसनमुक्ती केंद्राचा बोर्ड दिला. त्यानं सवयीनं तसाच निळा रंग दिला आणि 'अफू' हा शब्द सगळ्यांत मोठा काढला.

पहिल्याच सकाळी दाराशी ड्रायव्हरांची रांग! साहेबांनी मुंबईला ट्रंककॉल लावला, "प्रतिसाद प्रचंड आहे, सर!"

फोन ठेवून बाहेर आले, तर पहिल्या ड्रायव्हरनं विचारलं, "बाबूजी, दुकान कब खुलेगा?"

*

खरा रोगी एकच मिळाला. उमरेडचे विणकर दौलतराव. मागावर बसल्या बसल्या पेंगायचे आणि लुगड्याचा काठ नागमोडी जायचा. बायको सरूबाई त्यांना हाताला धरून घेऊन आली.

दौलतराव काही दिवस तळमळले, डॉक्टरांना शिव्या घातल्या आणि मग खरंच सुधारले. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे सुतकी! कारण मुंबईच्या अधिकाऱ्यांनी रोगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनुदानाचा पुढचा हप्ता मिळणार नव्हता.

साहेब खाटेशी जाऊन अजिजीनं म्हणाले, "दौलतराव, पाहणी होईपर्यंत जरा दमानं बरे व्हा ना!"

*

सरूबाई मात्र दमानं घेणारी नव्हती. "माणूस बरा झाला न साहेब, मंग सोडून काहून नाई राहिले?"

"एकदम सोडलं तर तब्येतीला बाधतं, बाई."

"व्यापारी मनते, सोमवारी माणूस मागावर नाई दिसला त सूत दुसऱ्याले देतो. मंग आमी काय तुमच्या गाद्या खावं?"

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर वाळ्याचा पडदा तपासू लागले.

*

मुंबईचे अधिकारी आले ते त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारीच, मे महिन्याच्या भर दुपारी, न कळवता. साहेब जेवून, शर्ट काढून, पडद्याजवळच्या खाटेवर तोंड उघडं टाकून घोरत होते. दौलतराव आंघोळ करून, स्वच्छ धोतर-टोपी घालून दारात उभे होते. त्यांनी हात जोडले, खुर्ची पुढे केली, माठातलं पाणी दिलं.

अधिकारी खाटेकडे पाहून हळहळले. "फार वाईट अवस्था आहे हो! रोज असंच?"

"दुपारी रोजच असं असते जी," दौलतराव म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण सरूबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला नुसता खोकला आला.

"केंद्र चालू राहिलंच पाहिजे!" अधिकाऱ्यांनी दौलतरावांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे चालतं."

सरूबाई पुढे झाली. "मंग साहेब, याईले मी घरी नेऊ का?"

"न्या की! यांनाही विश्रांती नको का? आम्ही बसतो रोग्याजवळ."