रुएनांच्या रानाची नावं

मॅलकी गॉनला आमच्या चर्चच्या धर्मग्रामात सगळे ‘हॅटवाला वळू’ म्हणत. पस्तीस वर्षं तो मोटारीतून गोठ्यागोठ्यात हिंडून गाईंना कृत्रिम रेतन करत होता. मेयो परगण्याच्या या कोपऱ्यातलं एकही फाटक त्याला नवं नव्हतं. म्हणून म्हातारी माणसं जायच्या आत शेतांची आणि झऱ्यांची नावं लिहून ठेवायचं ठरलं, तेव्हा फादरनी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात त्यालाच गाठलं. मी शाळेत भूगोल शिकवलेला, म्हणून नकाशा माझ्याकडे आला.

दोन हिवाळ्यांत चारशेवर नावं जमली. राहिलं फक्त रुएनांचं रान. रुएन मंडळी कधीच देशोधडीला लागली होती आणि त्यांच्या जमिनीवर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं दाट बन उभं होतं. त्या घरची अट्रॅक्टा शिकागोला होती. ती जाण्याआधी दोन वर्षं मॅलकी तिला दर रविवारी नाचाला न्यायचा, हे गावाला ठाऊक होतं. त्याने पुढे लग्न केलं नाही, तेही.

“तेवढं कोरं ठेवायचं का?” मी एकदा विचारलं. त्याच आठवड्यात त्याने शिकागोला पत्र टाकलं.

तिचा फोन एका रविवारी दुपारी आला. मी त्याच्याच स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज असा खणखणीत, की टेबलापर्यंत ऐकू येत होता.

“मी फाटकातून आत शिरते, तू मागून ये,” ती म्हणाली आणि आठवणीतल्या वाटेने निघालीच. डावीकडे वासरांचं रान, पुढे विधवेची पट्टी, वर टेकाडावर लंगड्या घोड्याचं शेत. तो मोठ्याने म्हणायचा, मी लिहायची.

“आणि खालचा झरा?” त्याने विचारलं.

“त्याला कसलं नाव? एकच तर होता. झराच म्हणायचो.” मग तिनेच विचारलं, “आता काय पेरलंय तिथे?”

“झाडं लावलीत, अट्रॅक्टा. शेतं दिसत नाहीत.”

“मग नीट लिही,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “स्वतःसाठी तिला काहीच विचारलं नाहीस.”

“तिने नावं सांगायला फोन केला होता,” तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

नकाशा छापून झाला. एक प्रत शिकागोला गेली. महिन्याने दोन ओळी आल्या: वासरांचं रान ओढ्याच्या अलीकडे होतं, तू पलीकडे दाखवलंस.

मॅलकी त्याच दिवशी बनात शिरला. फांद्या बाजूला सारत, ओरखडे घेत ओढ्यापर्यंत पोचला, तर खरंच अलीकडच्या काठावर जुन्या बांधाचे दगड होते. परतला तेव्हा बाही फाटलेली होती, चेहरा मात्र उजळला होता. तोवर साठ नकाशे घरोघर वाटून झाले होते. तो लाल पेन घेऊन निघाला आणि दार ठोठावून, भिंतीवरून उतरवून, एकेक नकाशा दुरुस्त करून आला. लोक हसले. चूक बोटाएवढीसुद्धा नाही, म्हणाले.

“तिला चालत नाही,” तो सांगायचा, जणू ती शेजारच्याच घरात राहत होती.