कमलाभाभीला शिकवलेला एकच शब्द

फजिती ऐकायचीय म्हणता? सांगते, पण चहात साखर जास्त टाका. हा किस्सा माझ्याच्यानं कडू गिळवत न्हाई!

आमच्या नांदेडच्या घरात वरच्या खोलीत कमलाभाभी राहायला आली. सिंधमधून, घरदार सोडून, दोन बोचकी घेऊन. मराठीचा गंध न्हाई, अन् पित्ताशयात खडे. कळ आली की बिचारी भिंत धरून खाली बसायची. खासगी दवाखाना झेपणारा नव्हता. नव्यानं आलेल्या माणसाला सरकारीत फुकट बघतेत का, हेही कोणाला ठाऊक न्हाई.

मी म्हणलं, "मी हाय ना!"

आता आमच्याकडं दवाखान्यात जायचं म्हणजे चांगलं नेसून. साधं दिसलं की कोण विचारतंय? माझी इरकल भाभीला नेसवली, कुंकू लावलं. थेट माझ्या माहेरच्या, लातूरच्या वहिनीसारखी दिसून राहिली! मी आपली घरातल्याच ड्रेसवर. बाहेर ऊन मरणाचं, तर भाभीनं तिची आरशांची ओढणी माझ्या डोक्यावर टाकली.

रिक्षात तिला शिकवलं, "भाभी, कोई कुछ भी पूछा तो 'हाव' बोलने का."

दवाखान्यात बाकावर बसलो. पंखा हळू फिरत होता, लिंबाची सावली फरशीवर डुलत होती. अन् मला लागली तंद्री! मला काय हो, स्वतःच्या लग्नात अक्षता पडताना लागली होती. डोळ्यापुढं भाभीचं गाव तरंगायला लागलं. सोनेरी वाळू, उंटाच्या गळ्यातली घंटा...

खिडकीत नाव नोंदवणाऱ्या आरोग्यमित्रानं विचारलं, "कुठून आलात?"

"लई लांबून हो," मी तंद्रीतच. "वाळूच वाळू. दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली..."

त्याचे डोळे पाणावले. "मराठी बाकी लवकर शिकल्या!" मग इरकलवाल्या भाभीला म्हणाला, "तुम्हीच आणलं का यांना?"

"हाव."

"यांचंच पोट दुखतंय?"

"हाव."

"बोलता बोलता हरवतेत. डोक्याला काही मार लागला का?"

"हाव!"

सोनोग्राफीच्या टेबलावर पोटावर गार जेली पडली तेव्हा मी जागी झाले.

"अहो डॉक्टर, खडे माझे न्हाईत!"

"घाबरू नका मावशी. आता तुम्ही आपल्या देशात आलात."

"मी लातूरची हाय!"

"श्वास रोखा." मग पडद्याकडं बघत, "खडे खरंच न्हाईत. गॅस मात्र भरपूर."

पोट पुसत खिडकीशी परत आले, सगळं खरं सांगितलं. माणूस हसून हसून लाल! मग भाभीचे व्हिसाचे कागद घेऊन आत साहेबांना विचारायला गेला. भाभीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

बाहेर आला. "होईल. ऑपरेशन इथंच, फुकट."

भाभी तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. मी तिची पाठ थोपटली. म्हणलं, बघा, आपल्यामुळं एका जीवाचं कल्याण झालं!

तो भाभीला म्हणाला, "बस, भरती के टाइम साथ में कोई समझदार औरत होना. है कोई?"

मी ओढणी सावरून ताठ उभी राहिले.

भाभीनं डोळे पुसले. मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. अन् मी न शिकवलेला शब्द कुठून उचलला, देव जाणे!

"न्हाई."