आखाजीच्या शिव्या

धुळ्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. माणूस एकत्र का गाऊ लागला, यावर माझं एक ठरलेलं व्याख्यान आहे. एक अंदाज असा, की शेजारच्या टोळीवर वचक बसावा म्हणून. दुसरा असा, की आपली माणसं आपल्याला धरून राहावीत म्हणून. पोरं विचारतात, नक्की कोणतं? मी म्हणते, अजून ठरलेलं नाही. आणि खडू ठेवून चहाला जाते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि दिवस कलला की गावच्या बायका नदीवर जातात. समोरच्या काठावर पल्याडच्या गावच्या बायका. मग गाण्यातून शिव्या. एका काठानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तराशिवाय पुढचं कडवं नाही. राग मानायचा नाही. माझी पंचाईत अशी, की पल्याडचं गाव माझं सासर. दोन वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडलं. सतरा वर्षांची लेक बापाकडे राहिली, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

यंदा मी नदीवर गेले ती तिला दुरून बघायला. खोटं कशाला बोलू? आमच्या बायकांनी सुरुवात केली: तुमच्या भाकरी जाड, तुमच्या सासवा द्वाड. पल्याडून उत्तर आलं, या गावच्या पोरी नांदत नाहीत. हे कडवं जुनंच, मी परकरात असल्यापासून ऐकलेलं. पण या वेळी ते उचलून धरणारा आवाज माझ्या लेकीचा होता.

मला काही सुधरेना. दरवर्षीचं कडवं, की माझ्यासाठी काढलेलं? खरं सांगते, फार लागलं. आणि दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला म्हणून बरंही वाटत होतं, त्याचा वेगळाच संताप.

"बठ्ठ्या म्हणी ऱ्हायन्यात, तू काबरं चूप शे?" शेजारची अक्का मला ढोसत म्हणाली. सगळ्या म्हणताहेत, तूच का गप्प? पण आमच्या काठाचं कडवं नेहमी मीच उचलायची. मी गप्प, म्हणून हळूहळू बाकीच्याही थांबल्या. पल्याडच्याही वाट बघत थांबल्या.

मग लेक पाण्यात घोट्यापर्यंत उतरली.

"आई," ती ओरडली, "उत्तर दे ना."