जळगाव ते नागपूर, सत्तेचाळीस मिनिटं

बाबा एसटीचे ड्रायव्हर. मी संग्रामपूर सोडलं ते त्यांच्याच गाडीतून, त्यांच्या मागच्या सीटवर बसून. शेगावला स्टेशनजवळ मला उतरवलं, पण त्यांना प्लॅटफॉर्मपर्यंत येता आलं नाही. गाडीत प्रवासी होते. खिडकीतूनच म्हणाले, "पोचली का फोन करजो." आणि गाडी निघाली.

पुण्यात मी फ्लाइट डिस्पॅचरचा कोर्स करत होते. विमान कुठल्या वाटेनं जाईल, वारा कसा, इंधन किती, वेळ किती, हे जमिनीवर बसून ठरवायचं काम. वर्गात "मले समजलं नाही" म्हटलं की मागे हशा पिकायचा. परीक्षेत नापास झाले. दुसऱ्यांदाही.

"मी वापस येतो, बाबा," मी फोनवर रडतच म्हणाले.

"चढावर गाडी बंद पडली त मी तिले तशीच सोडून घरी येतो का? पुन्हा पह्यला गेर टाक."

तिसऱ्या वेळी पास झाले. आता हैदराबादेत नोकरी करते, आणि यंदा माझ्या टेबलावर नवा मार्ग आला: जळगाव ते नागपूर.

"जळगावले इमानतळ कधी झालं वं?" बाबांनी विचारलं. आमच्याकडे जळगाव म्हणजे शेजारच्या तालुक्याचं जळगाव जामोद.

"खानदेशातलं जळगाव, बाबा!"

हवेतून जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. आणि ती रेषा जवळजवळ आमच्या छपरावरूनच जाते. आईला दीक्षाभूमीला जायचंच होतं. मी दोघांची तिकिटं काढली.

त्या सकाळचा आराखडा मीच केला. वारा पश्चिमेचा, पाठीमागून. उडाल्यापासून टेकेपर्यंत अठ्ठेचाळीस मिनिटं. आकडे तीनदा तपासले. अशा कितीतरी कागदांवर सह्या केल्यात, पण ही सही वेगळी होती. त्या विमानात पहिल्यांदाच माझी माणसं होती.

नागपूरहून फोन आला. "सत्तेचाळीस!" बाबा ओरडलेच. "चाकं सुटल्यापासून घडी पाहून राह्यलो होतो. मले नागपूरले जायले अख्खा दिवस लागे!"

आईनं फोन हिसकावला. या विमानाचा रस्ता माह्या पोरीनं आखला, असं तिनं एअरहोस्टेसला सांगून टाकलं होतं. उतरताना कॅप्टननं स्वतः तो कागद आणून दाखवला.

"तुयी सही पाह्यली वं. पुरं नाव लिव्हलं तू, मधात बाबाचंबी. तुया बाबानं शेजारच्या मानसाले बोट ठेवून वाचून दाखोलं."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला म्हणून सांगते. कुणी गाव विचारलं की इतकी वर्षं मी "शेगावजवळ" एवढंच म्हणायचे. त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू सहकाऱ्यानं विचारलं, एवढी का हसतेस? मी स्क्रीनवरच्या त्या रेषेवर बोट ठेवलं. नकाशात तिथं काहीच लिहिलेलं नाही.

"संग्रामपूर," मी म्हणाले. "माझं घर."

आणि त्याला ते नाव नीट म्हणता येईपर्यंत मी त्याला सोडलं नाही.