तपासलेलं घर

मार्लिस ट्वेटबाईंनी जन्मात कुणाला फसवलं नाही. त्याचं बक्षीस काय मिळालं म्हणता? वर्षभर घर विकेना!

नवरा ऑर्लिन. बिचाऱ्याने कधी सिगारेट ओठाला लावली नाही. मिनेसोटाचे सगळे हिवाळे तळघरात लाकडाची बदकं कोरत काढले आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "तळघरातला रेडॉन कधी तपासलात?" वास नाही, रंग नाही, जमिनीतून घरात शिरणारा तो मेला वायू कोण कशाला तपासतंय! ऑर्लिन गेल्यावर बाईंनी तपासला, तर तळघर रेडॉनने भरलेलं. मग छपरापर्यंत नळी चढवली, पंखा बसवला, वायू आटोक्यात आला.

घर विकायला काढलं तेव्हा दलालीण ग्वेन चरफडली. "कशाला तपासलंत हो? 'माहीत नाही' लिहून मोकळ्या झाल्या असतात. आता कायद्याने सांगावं लागणार."

"तशीही मी सांगणारच होते," बाई म्हणाल्या.

शेवटी ब्रिन आणि कोल हे तरुण जोडपं घर बघायला आलं. ब्रिनला सातवा महिना. तळघर बघून ती हरखली, "बाळाची खोली इथेच करू या!" बाईंनी दोघांना कॉफी देऊन बसवलं आणि सगळं सांगितलं, ऑर्लिनसकट. ब्रिनचे डोळे भरून आले. "किती चांगल्या आहात हो तुम्ही," म्हणत तिने बाईंना मिठी मारली.

आणि घर घेतलं कुठलं? समोरचं! त्याच ठेकेदाराने, त्याच वर्षी, त्याच मातीवर बांधलेलं. ते कुणी तपासलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. बाईंनी कपाळावर हात मारला.

तरी राहवेना. नवे शेजारी म्हणून बटाटा-खिम्याचा हॉटडिश भाजला, सोबत रेडॉन तपासायची डबी घेतली आणि गेल्या. कोल तळघरातून वर आला, हात पिवळ्या रंगाने माखलेले.

"दोन-चार दिवस खाली नुसती ठेवायची रे, आणि प्रयोगशाळेला पाठवून द्यायची."

कोलने हॉटडिश घेतला, डबी परत केली. "नको, मिसेस ट्वेट. उद्या घर विकायचं झालं तर लिहून द्यावं लागेल. ग्वेनच म्हणाली. तुमचं काय झालंय, बघतोय ना आम्ही."

"अरे, पण बाळ?"

"आमच्याकडे नाहीये हो रेडॉन," आतून ब्रिन गोड आवाजात म्हणाली, "तो तुमच्या घरात निघाला होता."

बाई डबी घेऊन घरी आल्या आणि दार लावून संतापाने रडल्या. ऑर्लिनला पुरलं त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.