माजिवड्याचा हलणारा जिना

शहाडला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात लोखंड वाहून मी हे उभं केलं, त्यामुळे भाव पाडणारं गिऱ्हाईक दिसलं की डोकं तापतं. माजिवड्याच्या बंगल्याचा मालक तसाच. त्याला दिवाणखान्यातून वर जाणारा, दोन्ही बाजूंनी मोकळा जिना हवा होता. खाली खांब नको, भिंतीचा आधार नको.

"शेठ, सगळं वजन मधल्या एका चॅनेलवर, म्हणजे लोखंडी तुळईवर येणार. आठ इंची लागेल."

चॅनेलवर तो काही बोलला नाही, भावावर तासभर बोलला. शेवटी मी रागानेच हो म्हटलं आणि परत येताना रिक्षात ठरवलं, सहा इंची टाकायचा. रंग मारल्यावर पट्टी लावून कोण मोजतं?

जिना झाला. नारळ फुटला, पायऱ्यांना हळद-कुंकू लागलं. त्यांच्याकडे घरातली सर्वांत मोठी बाई आधी चढते. मालकाची आई दिवा घेऊन निघाली, कारण नवं देवघर वर होतं. मधोमध पोचली तसा जिना पावलागणिक उसळू लागला.

"अरे, यो जिना हाय का झोपाला?"

सगळे हसले. "आजी, लोखंड थोडं हलणारच! तुम्हाला सवय नाही!" मी चारचौघांत ओरडलो.

ती अर्ध्यातूनच खाली उतरली. दिवा सुनेने वर नेला.

दोन महिन्यांनी गेटच्या कामासाठी गेलो, तर म्हातारी जिन्याच्या पायथ्याशी बसून, वर देवघराकडे तोंड करून हात जोडत होती. मला पाहून म्हणाली, "ये रे. तुजा जिना मना नाय जमला." दोष तिने स्वतःकडेच घेतला होता.

भाव तिच्या मुलाने पाडला होता. आठाचा चॅनेल सहावर मी पाडला होता.

गेट राहिलं बाजूला. आठवड्यात पहिल्याच्या शेजारी दुसरा चॅनेल घातला, दोन्ही पट्ट्यांनी जोडले, वरचं टोक बीमला बोल्टने आवळलं. मी नव्वद किलोचा. धपाधप चढलो, उतरलो. काही हललं नाही. मग आजी माझा दंड धरून चढली आणि देवांपुढे बसली ती उठेचना.

खाली मालक म्हणाला, "दादा, पदरचं लोखंड घातलंत. तेव्हा मी फारच घासाघीस केली. माफ करा."

असं एखाद्या गिऱ्हाइकाने म्हणावं, याची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

"चालायचंच," म्हणालो आणि हत्यारं भरू लागलो. सहा इंचीचं त्याला मी अजून सांगितलेलं नाही.