मावशींची चौकशी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सिंगापुरातल्या यिशुन भागात राहणाऱ्या मावशी कुणाच्याही घरी आल्या की थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. बायका हाका मारून थकायच्या, "मावशी, कुंकू लावून घ्या ना!" आतून उत्तर यायचं, "आधी आंबेडाळ तर होऊ दे!" यजमान नागपूरला नोकरीत, असं त्या सांगायच्या. आम्हाला वाटे, बाईला कामाची भारी हौस.

दुसरी हौस चौकशीची. त्या एका वकिलाच्या ऑफिसात होत्या. पुण्याहून कुणी सिंगापूरच्या स्थळाबद्दल विचारलं की मावशी फॅमिली कोर्टाच्या काउंटरवर मुलाचं नाव शोधून यायच्या. "घटस्फोटाची केस झाली होती का, एवढं कुणालाही कळतं. का झाली ते फाईलमध्ये, आणि फाईल बघायला कोर्टाची परवानगी लागते," हे त्यांनीच मला शिकवलं. मी तेव्हा त्यांच्याच फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचे. मला ताप आला तर रजा टाकून मऊ भात भरवणारी बाई ती.

म्हणून माझं लग्न ठरताना मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. "बघून आले. निर्धास्त हो म्हण," मावशी म्हणाल्या. मी हो म्हटलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवऱ्याचा जुना मित्र जेवायला आला आणि बोलता बोलता "याच्या पहिल्या लग्नात" असं म्हणून गेला. नवरा ताटात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर जाऊन नाव दिलं. "यस, गॉट वन केस," तिथली मुलगी म्हणाली.

तशीच यिशुनला गेले. मावशी कैरी किसत होत्या.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं." किसणी थांबली नाही. "मुलगा चांगला आहे गं. घटस्फोटित म्हटलं असतं तर तू फोटोही बघितला नसतास." मग त्या थांबल्या. "माझंही नाव आहे तिथं. नागपूरला कुणी नाही. कुंकवाला बाहेर येऊन काय करू?"

मला त्यांची दया आली, आणि त्यांचाच भयंकर रागही आला. नवऱ्याशी मी महिनाभर कडाडून भांडले आणि मग संसार केला. माणूस चांगलाच निघाला. मावशींची पारख खरी होती. मावशींशी मात्र भांडताच आलं नाही. त्यांच्या दाराशी पुन्हा गेले नाही.

कळलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, मावशी. अख्ख्या गावाची चौकशी केलीत, तेवढं मलाही विचारायचं होतंत.